कुंपणाने शेत खाऊ नये

मस्तगडाच्या अठराव्या शतकातील गढीत दालने असलेली एक प्रशस्त विहीर आहे. वस्ती वसवायची तर आधी पाण्याची तजवीज हवी, हे तेव्हाच्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आज जालना शहर मस्तगडापासून चहूबाजूंना पसरत आहे. भोवतालच्या शिवारात भूखंडांच्या खुणा रोवल्या जातात, तेव्हा मात्र विचार पाण्याचा होत नाही, भावाचा होतो.

शहरालगतच्या खरपुडीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. खरपुडी महाराष्ट्राला परिचित आहे ती तेथील कृषी विज्ञान केंद्रामुळे. कडवंचीसारख्या कोरडवाहू गावात पाणलोटाचे काम उभे राहून द्राक्षबागा बहरल्या, त्यामागे याच केंद्राचे मार्गदर्शन होते. अशा परिसरात सिडकोमार्फत नवे नगर वसविण्याचा प्रकल्प आखला गेला. २०२० साली तो व्यवहार्य नसल्याचे ठरले, २०२३ साली त्याला पुन्हा मंजुरी मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच्या चौकशीचे आदेश दिले. प्रकल्पाची चाहूल लागताच मध्यस्थांनी शेतकऱ्यांकडून जमिनी स्वस्तात घेतल्या, अशी तक्रार होती. खरेखोटे चौकशीने ठरावे; परंतु तक्रारीने दाखविलेली वाट महाराष्ट्रातील प्रत्येक वाढत्या शहराच्या ओळखीची आहे.

ही वाट सरळ आहे. नकाशात शेती विभागात असलेली जमीन रहिवासी विभागात गेली की तिचा भाव एका स्वाक्षरीने कितीतरी पट वाढतो. माती तीच, घाम तोच. बदलते ती केवळ रंगाची रेषा. ही रेषा हलणार, याची खात्री ज्याला आधी असते तो श्रीमंत होतो. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या ती भूमी कसली, तो शेतीच्या भावाने ती विकून मोकळा झालेला असतो.

कायदे नाहीत असे नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्याला आधार दिला. पण त्याच अधिनियमातील ‘किरकोळ फेरबदला’च्या तरतुदीने आराखड्याला पळवाटही ठेवली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड नियमित करण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. गरिबांच्या घरांना संरक्षण मिळालेच पाहिजे. पण मुदत दोन दशके पुढे जाते, तेव्हा अवैध भूखंड पाडणाऱ्याने त्यातून कोणता बोध घ्यावा?

घरे हवीत, हे कोण नाकारील? परंतु सट्ट्यासाठी पाडलेले भूखंड वर्षानुवर्षे रिकामे राहतात. त्यांत ना पीक उगवते, ना चूल पेटते. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्यासाठी वणवण सोसलेल्या जालन्याने तरी मातीचे मोल विसरू नये. निजामकाळातील घाणेवाडी तलावातला गाळ येथील नागरिकांनी लोकवर्गणीतून काढला. ज्या शिवारातून तलावात पाणी येते तेच काँक्रीटखाली गेले, तर या पुण्याईचे फळ कोणाला मिळणार?

रेषा टिकविता येते, हे पुण्याने दाखविले आहे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण व्हावे म्हणून तेथील नागरिक वर्षानुवर्षे झगडले आणि २०१५ मध्ये शासनाने सुमारे ९७८ हेक्टरवर ते मान्य केले. मात्र निर्णय लांबला तेवढ्या काळात त्याच टेकड्यांवर अवैध बांधकामे चढली. विलंब नेहमी सट्टेबाजाच्याच पथ्यावर पडतो.

म्हणून शासनाने तीन गोष्टी कराव्यात. जमिनीचा विभाग बदलण्यापूर्वी तेथील मागील पाच वर्षांचे खरेदीव्यवहार जाहीर करावेत. बदलामुळे वाढलेल्या किमतीचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीत आणि मूळ शेतकऱ्याकडे जावा. तलावांची पाणलोटक्षेत्रे कोणत्याही फेरबदलाच्या कक्षेबाहेर ठेवावीत. कुंपण शेताच्या रक्षणासाठी असते. तेच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची?