चित्र पुढे, आवाज मागे

जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची सध्या बऱ्याच घरांत घाई चालली आहे, आणि ती रास्तच आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली अखेरची कंपनी म्हणून जिची ओळख उरली होती, त्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत हे उत्पादन थांबवले. आता चालू स्थितीतले यंत्र मिळाले तर जुन्या बाजारातच. इकडे कपाटातल्या कॅसेटींना दर पावसाळ्यात थोडी थोडी बुरशी चढतेच आहे.

पण उतरवून आणलेले लग्न टीव्हीवर लावले की अनेकदा एक गंमत होते. पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे ठीक चालते. मंगलाष्टकांपाशी भटजींचे ओठ मिटल्यावर ‘सावधान’ ऐकू येते. पंगतीपर्यंत मजल जाते तेव्हा नवरी उखाणा संपवून, लाजून, घास भरवून मोकळी झालेली असते आणि नवऱ्याचे नाव मागाहून येते. तक्रार घेऊन गेले की दुकानात बहुधा ठरलेला तोडगा निघतो. मूळ आवाज बंद करून त्या जागी सनई किंवा त्या काळचे गाजलेले सिनेमाचे गाणे! तालासुरात सगळे छान दिसते, तक्रार मिटते आणि मंडळीही खूश होतात.

माझा आक्षेप आहे तो या खूश होण्याला. दुसऱ्याच्या आवाजात ओठ हलवणारे नायक-नायिका पाहत आपण वाढलो, त्यामुळे गाण्याखाली माणसाचा आवाज दडपला गेल्याचे आपल्याला फारसे काही वाटत नाही. पण विचार करा, आजोबांचा चेहरा अल्बममध्ये दहा ठिकाणी सापडेल. त्यांचा आवाज मात्र असलाच तर या एका कॅसेटवर. ‘अहो, अक्षता वाटल्या का?’ असे कुणीतरी मागून ओरडते, आत्याबाई मधेच खोकतात, लहान पोर रडते. चित्रीकरण करणाऱ्याने यातले काही मुद्दाम टिपले नव्हते. ते आपसूक आले. आणि तेवढेच नेमके आपण पुसून टाकतो, तेही सहज दुरुस्त होणाऱ्या दोषासाठी.

दोष सहज दुरुस्त होतो, असे म्हणण्याला आधार आहे. व्हीएचएसवर चित्र आणि आवाज एकाच फितीवर असतात. चित्र फिरत्या डोक्यांनी तिरप्या रेघांत लिहिलेले, साधा आवाज फितीच्या कडेने सरळ पट्ट्यात. फीत हळू धावली तरी दोघे बरोबरच धावतात. म्हणजे ताटातूट होते ती बहुधा संगणकात उतरवताना, आणि ती तीन तऱ्हांची असते.

पहिली तऱ्हा सोपी: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असतो. आवाजाची पट्टी तेवढी मागेपुढे सरकवली की काम झाले. दुसऱ्या तऱ्हेत फरक हळूहळू वाढत जातो. चित्र मोजणारे घड्याळ एक आणि आवाज मोजणारे दुसरे, दोघांत दहा हजारांत एक एवढा जरी फरक असला तरी तीन तासांच्या कॅसेटअखेर आवाज एका सेकंदाहून अधिक हुकतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या कॅसेटी वेगळ्या पद्धतीच्या. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रे, तिकडे २९.९७. कुणी ती सरळ ३० धरून चालवली, तर तासाला साडेतीन सेकंदांहून अधिक अंतर पडते. इथे आवाज सरकवून भागत नाही, तो किंचित ताणावा किंवा आवळावा लागतो. हजारात एक एवढ्या ताणाने आवाजाची पट्टी बदललेली कानाला कळतही नाही.

तिसरी तऱ्हा आपल्याकडे अधिक, कारण आपल्या फिती अधिक खराब. फीत जिथे चुरगळली किंवा बुरसटली आहे, तिथे संगणक काही चित्रे गाळतो, आवाज मात्र पुरा घेतो. २५ चित्रे गळाली की चित्र एक सेकंद पुढे निघून जाते. अशा वेळी फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. मग सबंध आवाज ताणणे हा उपाय चुकीचा; प्रत्येक खराब जागेपाशी पट्टी कापून पुढचा तुकडा नव्याने जुळवायचा. हे काम कंटाळवाणे आहे, हे कबूल. दुकानात गाणे चढवले जाते ते यामुळेच. टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र मधे जोडले तर ही गळती मुळातच बरीच कमी होते, म्हणून दुकान निवडताना हे यंत्र आहे का, एवढे विचारावे. (टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेली प्रत तर नकोच. मोबाइल बहुधा चित्रांचा वेग स्वतःच कमीजास्त करतो आणि पुढे जुळवणाऱ्याची दमछाक होते.)

जुळवायचे कशावरून? सिनेमावाले त्यासाठी क्लॅप देतात. आपल्या लग्नात तो कितीतरी वेळा मिळतो. दगडावर फुटलेला नारळ सर्वांत उत्तम, नाहीतर टाळी, ताशावरचा पहिला टोला, आणि फटाका जवळचा असेल तर तोही. लांबचा नको, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. अशी एक जागा आरंभी आणि एक अखेरीस शोधावी. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर बहुधा पहिली तऱ्हा. वेगळा असेल तर मधली एखादी जागा तपासावी, म्हणजे दुसरी की तिसरी ते कळते.

यात अगदी सूक्ष्म अचूकतेचा हट्टही नको. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत मागे राहिला तरी प्रेक्षकाला जाणवत नाही. पुढे गेलेला मात्र बाविसाव्या भागालाच खटकू लागतो. निसर्गात आवाज नेहमी उशिराच पोचतो, त्याची आपल्याला सवय आहे. तेव्हा शंका असेल तिथे आवाज किंचित मागेच ठेवावा.

दुकानात कॅसेट देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. संपादित प्रतीबरोबर न कापलेली, न सुधारलेली कच्ची प्रतही हवी. आणि मूळ कॅसेट परत हवी. जुळवणी आज बिघडली तरी कच्च्या प्रतीवरून उद्या कुणीही पुन्हा करील. ज्यांच्या कॅसेटवर तेव्हाच गाणी चढवलेली आहेत, त्यांनीही ती लगेच टाकून देऊ नये. मूळ चित्रीकरण हायफाय यंत्रावर झाले असेल आणि गाणे त्याच फितीवर मागाहून भरले असेल, तर ते फक्त कडेच्या पट्ट्यावर गेलेले असते. चित्राखाली लिहिलेला पहिला आवाज शाबूत असू शकतो. हायफाय व्हीसीआरवर आवाजाची कळ त्या बाजूला फिरवून एकदा ऐकून पाहायला हवे.