तेलाच्या पिशवीतला न दिसणारा कर

किराण्याच्या बिलावर जीएसटी छापलेला असतो. आयात शुल्क मात्र कुठेच दिसत नाही, तरीही ते भरतो आपणच. मराठीत अशा कराला जकात म्हणण्याचीही रीत आहे. रमजानमध्ये आपण हिशेब करून जी जकात काढतो ती देणाऱ्याला ठाऊक असते. ही दुसरी जकात देणाऱ्याला न कळताच वसूल होते. म्हणून या महिन्यात आम्ही तेलाच्या पिशवीचा हिशेब मांडत आहोत.

आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केले.

आता वही-पेन घ्या. समजा, बंदरात उतरलेल्या एक किलो कच्च्या तेलाची किंमत १०० रुपये आहे. जुन्या शुल्काने ते १०५.५० रुपयांना पडत होते, नव्या शुल्काने १२७.५० रुपयांना. वाढ झाली २२ रुपयांची. पण तेलावर ५ टक्के जीएसटी आहे आणि तो शुल्कासह झालेल्या किमतीवर लागतो. म्हणजे २२ चे झाले २३ रुपये १० पैसे. करावर कर तो असा. रिफायनरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यांचा खर्च त्यानंतरचा.

मग आम्ही तर शेंगदाण्याचे तेल वापरतो, ते का महागले, असे काही भगिनी विचारतात. सोयाबीन तेल महागले की गिऱ्हाईक दुसऱ्या तेलाकडे वळते. मागणी वाढली की त्याचाही भाव चढतो.

मे २०२५ अखेर हे शुल्क १६.५ टक्क्यांवर आले. आपल्या उदाहरणात जीएसटी धरून ११ रुपये ५५ पैसे कमी व्हायला हवेत. पण दुकानात जुना, महाग माल शिल्लक असतो, त्यामुळे उतार उशिरा पोहोचतो. शुल्क वाढले तेव्हा स्वस्तात आलेला माल संपेपर्यंत दर वाढवू नका, असे सरकारने कंपन्यांना सांगितले होते. जुना माल शिल्लक असताना भाव चढवणारा दुकानदार शुल्क कमी झाल्यावर जुन्या मालाचे कारण सांगत असेल, तर त्याला शांतपणे विचारावे.

यात दुसरी बाजूही आहे. शुल्क वाढवले ते सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा म्हणून. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक शेतकऱ्यांना त्याहून कमी दरात माल विकावा लागला. आपण जास्त दिले आणि तेही त्याच्यापर्यंत पुरते पोहोचले नाही, ही खरी खंत आहे.

शुल्क ठरवणे आपल्या हातात नाही, खरेदी आहे. पिशवीवरचे वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, पण तशाच दिसणाऱ्या पिशवीत ८०० ग्रॅमच असू शकते. किलोमागे भाव काढा, पॅकिंगचा महिना पाहा आणि हा हिशेब मुलांकडून करून घ्या. शेकडेवारीचा इतका उपयोगी धडा दुसरा नाही.