कंपनी जाते, हात राहतो

आमच्या मावळात 'पोरगा कंपनीत लागला' हे वाक्य अजूनही पेढ्यांसकट ऐकू येतं. कुठल्या कंपनीत, हे सगळे विचारतात. तिथे तो काय शिकतोय, हे सहसा कुणी विचारत नाही. मला तर हा दुसरा प्रश्नच जास्त महत्त्वाचा वाटतो.

तळेगाव दाभाड्याचीच दोन उदाहरणं घ्या, साधारण शंभर वर्षांच्या अंतराने घडलेली.

पहिलं पैसा फंडाचं. माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभा करायची कल्पना अंताजी दामोदर काळ्यांची. लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. तिथे काचकाम शिकवलंही जायचं. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख होते. तिथे तयार झालेली माणसं पुढे देशभरातल्या काच कारखान्यांत गेली, आणि खुद्द वार्ष्णेयांनी उत्तरेत बहजोईला कारखाना काढला. भट्टी तळेगावातच राहिली. पण वितळलेली काच कधी तयार झाली ते ओळखणारी नजर, नळीत फुंकताना लागणारा श्वासाचा अंदाज, नवख्याला शिकवायची सवय, हे सगळं माणसांबरोबर गेलं.

दुसरं जनरल मोटर्सचं. २००८ साली तळेगावात त्यांचा कारखाना सुरू झाला, शेवर्लेच्या गाड्या बनू लागल्या. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीपुरतं उत्पादन चालू ठेवलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद केलं. हजाराहून जास्त कामगारांच्या पोटापाण्याचा प्रश्न कोर्टात गेला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. म्हणजे शेड तीच, फाटकावरची पाटी दुसरी.

अशा वेळी नव्या ठिकाणी मुलाखतीला गेलेला माणूस काय सांगतो? 'बारा वर्षं अमुक कंपनीत लाइनवर होतो.' संपलं! खरं तर त्या बारा वर्षांत त्याने ड्रॉइंग वाचलेलं असतं, मापं तपासलेली असतात, खराब पार्ट पुढे जाऊ नये म्हणून लाइन थांबवायची हिंमत केलेली असते. शिफ्ट बदलताना काय अडलंय ते पुढच्या माणसाला दोन मिनिटांत नेमकं सांगितलेलं असतं. अप्रेंटिसला हाताशी धरून तयार केलेलं असतं. यातलं काहीही फक्त गाडीपुरतं नाही. औषधाच्या कारखान्यात, गोदामात, हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्येही ते तितकंच चालतं. पण बायोडेटात त्यातलं एक अक्षर नसतं.

आणि हे कंपनीतच शिकता येतं असंही नाही. गावचा हरिनाम सप्ताह बघा. रोजच्या पंगती, वर्गणीचा हिशोब, कीर्तनकारांच्या तारखा, मंडप, लाइट आणि रुसलेले भाऊबंद... हे सगळं निभावणारा पंचविशीतला पोरगा मुलाखतीत 'अनुभव नाही' म्हणून गप्प बसतो! लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मंडळी दरीत अडकलेल्यांना वर काढतात. दोराची गाठ मारता यायला हवीच. पण घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं, कुणी कुठे उभं राहायचं ते आधी ठरवणं, ठरलेल्या माणसाचं ऐकणं, हेही त्यात आलंच. कुठल्या साहेबाला असा माणूस नको असेल?

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. 'स्किल्स वाढवा' असा सल्ला देऊन कारखाना बंद करणाऱ्यांना मोकळं सोडता येत नाही. चाळिशीत, घराचे हप्ते चालू असताना नोकरी गेलेल्याला उपदेश नको, न्याय हवा. पण न्याय मिळेपर्यंतही घर चालवावं लागतं. तेव्हा उपयोगी पडतं ते स्वतःबरोबर आलेलंच.

म्हणून घरातल्या नोकरदार पोरापोरींना माझं एकच सांगणं आहे. महिन्याला एक पान लिहा. काय अडलं, मी ते कसं सोडवलं, कुणाला काय शिकवलं. मराठीत लिहा, मोडकंतोडकं लिहा, चालेल. वर्षाला बारा पानं होतील. बायोडेटाच्या चार ओळी त्यातूनच निघतील, आणि मुलाखतीत सांगायला घोकलेल्या उत्तरांऐवजी स्वतःचे खरे प्रसंग असतील.

बघा पटतंय का.