ताऱ्यांची पत आणि सचोटीचे बियाणे

व्यापारात भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत राहते, दुसरे लोकांच्या तोंडी. पहिले कर्जाऊ मिळू शकते. दुसरे मात्र वर्षानुवर्षांच्या वागणुकीतून कणाकणाने साठवावे लागते. या दुसऱ्या भांडवलाला मराठीत ‘पत’ हा नेमका शब्द आहे. पूर्वी तिची नोंद पेठेतल्या बोलण्यात होत असे. आज ती मोबाईलच्या पडद्यावर, पाच ताऱ्यांच्या मापाने होते. गावातल्या लहानशा कॅफेचे भवितव्यही या ताऱ्यांशी जोडले गेले आहे, आणि म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञानाचा उरलेला नाही.

जालन्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘जालना सोने का पालना’ अशी ख्याती असलेले हे शहर पोलादी सळया आणि बियाणे यांसाठी देशभर ओळखले जाते. येथे येणारा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या ठिकाणीच चहा घेत असे. त्याला कोणाला विचारावे लागत नसे. परंतु समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून तो मुंबईपर्यंत सलग जोडला गेला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र 2018 मध्ये जालन्यात सुरू झाले आणि परगावची मुले शहरात राहू लागली. अशा अनोळखी पाहुण्याला गावात ओळखीचे कोणी नसते. तो फोन उघडतो, जवळचे उपाहारगृह शोधतो आणि दोन-चार अभिप्राय वाचून गाडी वळवतो. सहा टेबलांचा कॅफे चालवणाऱ्या तरुणाचे गिऱ्हाईक असे दारात येण्यापूर्वीच मिळालेले किंवा गमावलेले असते.

या ताऱ्यांचे मोल किती? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मायकेल लुका यांनी अमेरिकेतील सिएटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास 2011 मध्ये मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा परिणाम स्वतंत्र, एकट्याच्या उपाहारगृहांवर दिसला. मोठ्या साखळी दुकानांवर नाही. कारण उघड आहे. साखळी दुकानाची चव लोकांना आधीच ठाऊक असते, एकट्या दुकानदाराची ओळख मात्र कोणीतरी करून द्यावी लागते. म्हणजेच जाहिरातीवर खर्च करू न शकणाऱ्या लहान उद्योजकाच्या हाती हे साधन मोठ्यांच्या बरोबरीने आले आहे. ते दुर्लक्षित ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

पाटीइतकीच नोंदही स्वच्छ हवी

वस्तुतः यात अवघड असे फारसे काही नाही. गुगल नकाशावरील व्यवसायाची नोंद विनामूल्य असते. ‘नोंद करून देतो’, ‘तारे वाढवून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या दूरध्वनींना म्हणूनच थारा देऊ नये. नोंद मालकाने स्वतःच्या खात्यावर घ्यावी; ती दुसऱ्याच्या हाती राहिली, तर उद्या दुकानाची किल्लीच त्याच्या खिशात गेल्यासारखे होते. उघडण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी, सणाच्या दिवशीचा बदल, नकाशावरील अचूक जागा, पदार्थांचे खरे दर आणि खरी छायाचित्रे एवढे नीट ठेवले, तरी निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. नोंद ‘उघडे’ म्हणते आणि दाराला कुलूप असते, तेव्हा चिडलेला प्रवासी एक तारा देतो. त्याला अन्यायी कसे म्हणावे? झोमॅटोसारख्या सेवेत बसून खाल्लेल्या आणि घरपोच पदार्थांचे गुणांकन वेगवेगळे असते. तेथे डब्याच्या झाकणातून सांडलेले सांबारही गुण कमी करते.

खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. ‘चहा गार होता, पाऊण तास थांबावे लागले’ असे कोणी लिहिले, की मालकाचा पहिला आवेश भांडणाचा असतो. परंतु ते उत्तर तक्रारदार एकटा वाचत नाही. पुढे येणारे शेकडो अनोळखी वाचक ते वाचणार असतात. चूक झाली असेल तर दोन ओळींत मान्य करावी, काय सुधारले ते सांगावे आणि पुन्हा येण्याचे निमंत्रण द्यावे. तक्रार खोटी असेल तर वस्तुस्थिती शांतपणे मांडावी आणि नियमभंगाची सूचना गुगलकडे पाठवावी. एकच तक्रार तीनदा आली, तर मात्र उत्तर लिहीत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरात डोकवावे.

विकतचे तारे

येथेच मोहाचा क्षण येतो. प्रामाणिकपणे पन्नास अभिप्राय जमायला वर्ष लागते. विकतचे पन्नास एका रात्रीत मिळतात. ते किती पोकळ असतात, हे 2017 मध्ये लंडनमध्ये उघड झाले. ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या घराच्या परसातील शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवले. मित्रांकरवी खोटे अभिप्राय लिहवून त्याने ते लंडनमधील पहिल्या क्रमांकावर नेले. अस्तित्वातच नसलेल्या त्या जागी टेबल मिळावे म्हणून लोक विनवण्या करीत होते!

गुगलच्या नियमांत सवलत किंवा भेट देऊन अभिप्राय मिळवणे, स्वतःच्या दुकानाला स्वतःच तारे देणे आणि केवळ खूश ग्राहकांनाच निवडून लिहायला सांगणे, हे सारे निषिद्ध आहे. गल्ल्यावर क्यूआर कोड लावून सर्वांना सारखेच ‘आपले मत लिहा’ म्हणणे मात्र योग्य आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले. ते स्वेच्छेने पाळण्याचे म्हणून आले असले, तरी अभिप्राय लिहिणाऱ्याची खातरजमा व्हावी, हा त्याचा आग्रह आहे.

परंतु कायद्यापेक्षा जालन्याच्या मातीतला दाखला अधिक बोलका ठरावा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको स्थापन केली. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, तो शेतकऱ्यांपर्यंत उत्तम बियाणे पोहोचवण्याच्या कार्यासाठी. बियाण्याची पिशवी हातात घेऊन शेतकऱ्याला काय कळते? उगवण दिसेपर्यंत दिवस जातात आणि पीक हाती येईपर्यंत हंगाम. तो केवळ पिशवीवरील शब्दावर विश्वास ठेवून वर्ष पणाला लावतो. म्हणूनच 1966 च्या बियाणे कायद्याने त्या चिठ्ठीवरील मजकुराला जबाबदार धरले. अभिप्रायही तशीच चिठ्ठी आहे. परगावचा माणूस ती वाचून पैसे टाकतो. खोटी चिठ्ठी एकदा खपते. पण त्या पेठेच्याच मालाविषयी शंका पेरून जाते आणि त्याची झळ शेजारच्या प्रामाणिक दुकानदारालाही बसते.

ग्राहकाचेही कर्तव्य

हा प्रश्न एकट्या दुकानदाराचा नाही. ‘घरबसल्या अभिप्राय लिहा, पैसे मिळवा’ अशा संदेशांना अनेक सुशिक्षित कुटुंबे बळी पडली आहेत. आधी शे-दोनशे रुपये देऊन विश्वास संपादन करायचा आणि मग ‘मोठ्या कामासाठी’ हजारो, लाखो रुपये भरायला लावायचे, अशी ही ठकबाजी असते. फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पण मुळात खोटे लिहून पैसे मिळवण्याची तयारी सुसंस्कृत घरात का असावी, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. एखाद्या वादाचा संताप म्हणून, जेथे कधी पाऊलही ठेवले नाही अशा दुकानाला शेकड्यांनी एक तारा देण्याची प्रथा पडत आहे. संताप न्याय्य असेलही. निषेधाचे सनदशीर मार्ग खुले आहेत. उघड बहिष्कारही समजू शकतो. परंतु न खाल्लेल्या अन्नाविषयी साक्ष देणे ही खोटी साक्षच आहे, मग ती कोणत्याही पक्षाने दिलेली असो. त्यात पोळतात ते बहुधा भांडी घासणारे आणि टेबल पुसणारे हात.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यातले. प्रयत्न आणि सावधपण यांची शिकवण त्यांनी दिली. नव्या व्यापारातही तीच दोन शस्त्रे कामी येतात. तरुण उद्योजकाने ताजा चहा आणि खरी नोंद ठेवावी. ग्राहकाने चांगले वाटले तर आळस न करता चार खऱ्या ओळी लिहाव्यात आणि वाईट वाटले तर आधी गल्ल्यावर सांगावे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याने शेजारच्या लहान दुकानाला देण्यासारखी, एका पैशाचाही खर्च नसलेली ही मदत आहे. अट एकच, ती खरी असावी.