राजूर घाट आणि जुन्या गाडीचे ब्रेक पॅड

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन मलकापूरकडे परतणारी कुटुंबे मेहकर, चिखली, बुलढाणा असा रस्ता धरतात. जाताना चढलेला राजूर घाट आता दिवसाच्या अखेरीस उतरायचा असतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावे, या विचाराने बुलढाणा सुटताच गाडीचा वेग नकळत वाढतो. गाडीत आजोबांपासून नातवापर्यंत पाच माणसे, मागे सामान, आणि गाडी पंधरा-अठरा वर्षांची. घाट उतरून मोताळ्याला थांबावे, तर पुढच्या चाकांकडून जळकट वास येतो. पाच मिनिटांत तो विरतो आणि विसरलाही जातो.

तो वास विसरण्याजोगा नाही. माणसांसह बाराशे किलो वजनाची गाडी शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणील एवढी ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग वारा आणि इंजिन शोषून घेतात. उरलेली सारी उष्णता पुढच्या दोन चाकांतील तळहाताएवढ्या पॅडवर आणि डिस्कवर येते. सँट्रो, वॅगन-आर, इंडिका यांसारख्या जुन्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असल्याने हा भार प्रामुख्याने पुढचेच ब्रेक वाहतात. पॅडमधील तंतू, धातूची पूड आणि इतर द्रव्ये राळेने एकत्र बांधलेली असतात. ही राळ फार तापली की तिच्यातून वायू सुटू लागतो, पॅडची पकड सैल होते आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. सपाट रस्त्यावर वर्षभर निर्दोष वाटलेला पॅड घाटातील चौथ्या वळणावर असा दगा देऊ शकतो.

व्यापारी घरात पॅड निवडण्याची चूक बहुधा एका चांगल्या सवयीतून होते. जो माल अधिक टिकतो तो चांगला, हे पेढीवर शिकलेले तत्त्व. त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, “हा किती किलोमीटर चालेल?” दुकानदारही गिऱ्हाईक ओळखून म्हणतो, “शेठजी, हा घ्या, झिजतच नाही.” वास्तविक पॅडने झिजायचे असते. त्याने झिजावे आणि महागडी डिस्क वाचवावी, अशी ही योजना आहे. अतिकठीण, स्वस्त पॅड पुष्कळ टिकतो खरा. पण थंड असताना त्याची पकड कमी असते, तो कर्कश आवाज करतो आणि डिस्कवर चरे पाडतो. दोन पॅडच्या किमतीत वाचलेले काहीशे रुपये मग डिस्कच्या खर्चात व्याजासह जातात.

मऊ, सेंद्रिय तंतूंचा पॅड शांत चालतो. शहरातल्या वापराला तो पुरेसा आहे, परंतु घाटात लवकर तापतो. धातूचा अंश अधिक असलेला पॅड उष्णता चांगली सोसतो, मात्र आवाज आणि डिस्कची झीज वाढवतो. सिरॅमिक पॅड महाग असतो. त्याची धूळ कमी आणि आवाजही कमी. जुन्या लहान गाडीसाठी यांतील सर्वांत महागडा शोधत बसण्याचे कारण नाही. गाडीच्या कंपनीचा, किंवा त्या कंपनीला मूळ माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा, त्याच मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी नेमलेला पॅड घ्यावा. शर्यतीच्या गाड्यांसाठी केलेले पॅड तर टाळावेतच. ते पुरेसे तापल्याखेरीज नीट धरत नाहीत, आणि घरातून निघाल्यावर पहिल्याच चौकात लहान मूल आडवे आले तर ते तापायला वेळ मिळत नाही.

खामगावच्या चांदीच्या बाजारात कोणी शिक्का पाहिल्याशिवाय भांडे उचलत नाही. पॅडवरही पाहण्याजोग्या खुणा असतात. अनेक चांगल्या पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर छापलेल्या अंकाक्षरांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे आढळतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातील पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफएफ’ असेल तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. ‘एफई’ असेल तर ती घसरते. घाटाखाली राहणाऱ्यांनी दुसऱ्या अक्षराकडे अधिक लक्ष द्यावे. युरोपात बदली पॅडसाठी ‘आर-९०’ हा नियम आहे. त्यानुसार पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक वेगळी चालत नाही. ही खूण असलेला माल मिळाल्यास उत्तमच.

मात्र अक्षरे छापणे सोपे आहे, आणि नामांकित कंपनीची पेटी छापणेही. नकली पॅडची पेटी हुबेहूब असते. आतला माल मात्र पहिल्या कडक ब्रेकला भुगा होतो किंवा पोलादी पाठीवरून सुटतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपकव्यवहार आहे: अस्सल म्हणून नकली वस्तू खपवणे. धान्यात खडे मिसळण्याला जे लागू आहे ते येथे अधिकच कठोरपणे लागू आहे. समाजातील अनेकांची सुट्या भागांची दुकाने आहेत, म्हणून हे विकणाऱ्याच्या बाजूनेही लक्षात घ्यावे. घेणाऱ्याने पक्के बिल मागावे. बिलाचे नाव काढताच भाव बदलत असेल, तर त्या दुकानातून बाहेर पडावे.

पॅड बदलताना दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. चारांचा संच म्हणून ते मिळतात तेही याचसाठी. नव्या पॅडवरील थर साधारण दहा मिलिमीटर असतो, तो तीनवर आला की वेळ झाली. एका बाजूचा पॅड फार झिजला आणि दुसऱ्या बाजूचा शाबूत असेल, तर दोष पॅडचा नसून कॅलिपरच्या अडकलेल्या पिनचा असतो. ती साफ करून तिला योग्य ग्रीस लावल्याशिवाय नवा संचही तसाच झिजेल. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून घ्यावी. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. मिस्त्रीने हवेचा झोत मारून ती उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेक ऑईलचा विसर तर जवळजवळ सर्वांनाच पडतो. ते हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट-३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. नवे पॅड बसवून पाच-सहा वर्षांचे ऑईल तसेच ठेवणे म्हणजे अर्धेच काम झाले. दर दोन वर्षांनी ते बदलावे.

आणखी एक काटकसर घाटात महाग पडते. पेट्रोल वाचते म्हणून गाडी न्यूट्रल करून उतरवली जाते. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. म्हणजे बचत होत नाही आणि सारा भार पॅडवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे. मग मलकापूर-नांदुरा यांसारख्या सपाट रस्त्यावर, मागे गाडी नसताना, मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करण्याचा क्रम वीस-पंचवीस वेळा करावा. मध्ये डिस्क निवू द्यावी, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये. दोन-तीनशे किलोमीटर असे सांभाळून चालवल्यानंतरच आजी-आजोबांना घेऊन शिरपूरला निघावे, आणि परतताना बुलढाण्याहून अर्धा तास आधी.