तळ्यातले मासे कोण मोजणार?

दुबळ्यांचा हक्क हिसकावताना खरं कारण कुणी सांगत नाही. 'निसर्ग वाचवा' हा बुरखा फार सोयीचा असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ओजिब्वे आदिवासींनी हा बुरखा कसा फाडला, ते समजून घ्या.

१८३७ आणि १८४२ च्या तहांत ओजिब्वेंनी जमीन दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. राज्य सरकारने तो पायदळी तुडवला. १९८३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने हा हक्क शाबूत असल्याचा निकाल दिला. ओजिब्वे वसंतातल्या रात्री भाले घेऊन वॉलाय मासा मारायला तळ्यांवर आले, तेव्हा धक्क्यांवर गोऱ्यांचे जमाव जमले. दगड आले, वांशिक शिव्या आल्या. वर कांगावा असा की, 'हे लोक तळी रिकामी करतील!'

खरं-खोटं घोषणांनी ठरत नाही. मासे मोजावे लागतात. होडीवर जनरेटर असतो, पुढे पाण्यात इलेक्ट्रोड सोडलेले असतात. नियंत्रित करंटने जवळचे मासे थोडा वेळ बधिर होतात. ते जाळीने उचलायचे, मोजायचे आणि परत सोडायचे. आपल्याकडे चोरून करंट सोडून मासे मारतात, तो प्रकार हा नव्हे. वसंतात आधी जाळ्यांत सापडलेल्या माशांचे पर किंचित कापून खूण करतात. मग करंटच्या होडीने धरलेल्या माशांत खुणेचे किती, यावरून तळ्यातल्या मोठ्या माशांची संख्या काढतात. शरदात रात्री काठाकाठाने फिरून त्या वर्षीची पिल्लं मोजतात.

ओजिब्वे हे काम सरकारवर सोपवून बसले नाहीत. १९८४ मध्ये ओजिब्वे जमातींनी मिळून स्वतःचा मत्स्य व वन्यजीव आयोग उभा केला. आपले जीवशास्त्रज्ञ नेमले, आपल्या होड्या पाण्यात घातल्या. १९९१ मध्ये राज्य, केंद्र आणि जमाती यांच्या संयुक्त पाहणीचा अहवाल आला. भाल्याच्या मासेमारीने माशांची हानी झालेली नाही, हे त्यात नोंदलं गेलं. हौशी गळवाले कितीतरी पट जास्त मासे नेत होते! ओजिब्वेंचे मासे धक्क्यावरच मोजले जातात, गळवाल्यांचा मात्र नमुन्यावरून अंदाज काढला जातो. तरीही बोट कुणाकडे दाखवलं गेलं?

हक्क आकड्यातून आला नव्हता, तहातून आला होता. मासे कमी निघाले असते तर मर्यादा सगळ्यांवर यायला हवी होती, एकट्या ओजिब्वेंवर नव्हे. पण आकडा हाती नसता तर अफवेचाच कायदा झाला असता.

आणि आकडाही डोळे मिटून मानायचा नसतो. करंट खोल पाण्यातल्या माशापर्यंत पोचत नाही. ज्याला हे ठाऊक, तोच आकड्याला जाब विचारू शकतो. म्हणून मोजमाप 'त्यांचं काम' समजू नका. आपल्या हक्काचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत ठेवला, तर उत्तरही दुसऱ्याच्याच सोयीचं निघतं.