हौसेचे मोल आणि हाताचे मोल

हौसेला मोल नसते, अशी म्हण मराठीत रूढ आहे. अर्थशास्त्राला ती मान्य होण्याजोगी नाही. हौसेला मोल असतेच. मात्र ते कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न हौशी माणूस स्वतःला क्वचितच विचारतो. जुन्या घडणीची, आकाराने दांडगी आणि किमतीने त्याहूनही दांडगी अशी फाउंटन पेने जमविण्याचा जो छंद देशोदेशी वाढला आहे, तो या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचा आहे. या छंदात वस्तू एकच, तिचा उपयोग एकच, तिचे द्रव्यही पुष्कळदा एकच. तरी एका पेनाची किंमत हजारात मोजली जाते, तर दुसऱ्याची लाखात. मधल्या अंतरात नेमके काय विकले जाते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मोठ्या पेनाला एके काळी मोठे असण्याचे कारण होते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल येथील पार्कर कंपनीने 1921 साली ‘ड्युओफोल्ड’ हे नारिंगी-तांबड्या कठीण रबराचे पेन सात डॉलर किमतीला बाजारात आणले. चांगले पेन तेव्हा याच्या निम्म्या किमतीतही मिळत असे. तरीही लोकांनी ते उचलून धरले आणि ‘बिग रेड’ या लाडक्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. त्यात दिखाऊपणाचा अंश नव्हताच, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याला दिवसभर पत्रे लिहावयाची किंवा खतावण्या भरावयाच्या, त्याला अधिक शाई मावणारी जाड नळी हवीच असे. लांबी-रुंदीला उपयोगाचा आधार होता.

तो आधार पुढे सुटला. बॉलपेन आले, मग संगणक आला, आणि लिहिण्याचे काम पेनाच्या हातून जवळजवळ निघून गेले. नेमक्या याच सुमारास मोठ्या पेनांना नवे दिवस आले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस, शताब्दीचे निमित्त साधून, पार्करने जुन्या ड्युओफोल्डचे नवे रूप बाजारात आणले. 1952 पासून ‘149’ हे जाडजूड पेन करीत आलेल्या जर्मनीतील माँब्लाँ कंपनीने 1992 साली हेमिंग्वेच्या नावाने लेखकांच्या स्मरणार्थ मर्यादित संख्येच्या पेनांची मालिका सुरू केली. बंद पडलेल्या जुन्या कंपन्यांची नावे विकत घेऊन त्या नावांखाली नवी पेने काढण्याचा उद्योगही पुढे सुरू झाला. थोडक्यात, पेनाची गरज कमी होत गेली आणि पेनाचा मान वाढत गेला.

मर्यादित प्रतींची महती

या विरोधाभासाचा उलगडा थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1899 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडतो. सुखवस्तू वर्गाच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा करताना त्याने विल्यम मॉरिसच्या केल्मस्कॉट छापखान्याचे उदाहरण घेतले आहे. यंत्रावर स्वच्छ आणि स्वस्त पुस्तके छापता येत असताना हा छापखाना हाताने केलेल्या कागदावर, पुरातन वळणाच्या टंकात, मोजक्याच प्रती काढीत असे. व्हेब्लेनचे म्हणणे असे, की प्रतींची संख्या मर्यादित ठेवणे म्हणजे वस्तू दुर्मिळ, म्हणून महाग, आणि म्हणून बाळगणाऱ्याची प्रतिष्ठा वाढविणारी आहे, याची एक प्रकारे हमीच होय. शतकाहून अधिक काळ लोटला. पुस्तकाच्या जागी पेन ठेवले, तर या विवेचनातील एक अक्षरही बदलावे लागत नाही.

अर्थात व्हेब्लेनचा हवाला देऊन सर्वच संग्राहकांना दांभिक ठरविणे अन्यायाचे होईल. रुंद निबेतून कागदावर ओली रेघ उमटताना मिळणारे सुख खोटे नसते. जुनी, अडलेली पेने उघडून, धुऊन, दुरुस्त करून त्यांना पुन्हा लिहिते करणाऱ्या हौशी मंडळींनी एक मरू घातलेली विद्या जतन केली आहे, हेही मान्य केले पाहिजे. शिवाय कोणी लाखाचे पेन घेतल्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचे पाच रुपयांचे पेन हिरावले जाते, असा हिशेब मांडणे भाबडेपणाचे आहे. आक्षेप खर्चावर नाही. हा खर्च ज्या गोष्टीपोटी होतो असे समजले जाते, त्या गोष्टीपर्यंत तो पोहोचत नाही, हा आक्षेप आहे. संग्राहकाला विचारले, तर तो सांगेल, की आपण कारागिरीचे मोल देतो. प्रत्यक्षात त्याच्या पैशाचा मोठा वाटा नाव, जाहिरात आणि पेनावर कोरलेला क्रमांक यांच्या वाट्याला जातो.

एका नावाची दोन पेने

हा भेद आपल्या देशाच्या इतिहासातच दोन पेनांनी स्पष्ट करून ठेवला आहे, आणि योगायोग असा, की दोन्ही पेनांशी महात्मा गांधींचे नाव जोडलेले आहे. 2009 साली गांधीजयंतीच्या सुमारास माँब्लाँने गांधीजींच्या नावाचे एक पेन काढले. दांडीयात्रेचे मैल म्हणून त्याची संख्या 241 ठेवली होती. किंमत अकरा लाख रुपयांच्या वर. सोन्याच्या निबेवर काठी घेऊन चाललेले गांधीजी कोरले होते. ज्याने आयुष्यभर अपरिग्रह सांगितला, त्याच्या नावावर ही विक्री व्हावी, याने अनेकांची मने दुखावली. केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि 2010 मध्ये कंपनीने विक्री थांबविली.

दुसरे पेन त्याहून चौऱ्याहत्तर वर्षांनी जुने. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे मूळचे सोनारकामाचे कारागीर. स्वदेशी वस्तू करावी, या गांधीजींच्या सांगण्यावरून ते पेनांकडे वळले. त्यांनी घडविलेले पेन वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींपर्यंत पोहोचले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि जुलै 1935 मध्ये पत्र पाठवून, परदेशी पेनांची जागा घेण्यास ते योग्य वाटते, असा निर्वाळा दिला. कुमारप्पा स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. वस्तू कोणी केली, कशापासून केली आणि तिच्या किमतीतील किती भाग करणाऱ्याला मिळाला, हे त्यांच्या लेखी अर्थशास्त्राचे पहिले प्रश्न होते. 2009 च्या पेनाने गांधींचे नाव घेतले. 1935 च्या पेनाने त्यांचा प्रश्न घेतला.

राजमहेंद्रीत आजही पेने घडतात. तमिळनाडूतील तिरुवळ्ळूरलाही घडतात. पद्धत जवळजवळ तीच आहे. रबरात पुष्कळ गंधक मिसळून ते तापविले, की एबोनाइट हे कठीण, काळेभोर द्रव्य तयार होते. त्याचा दांडा लेथवर लावून कातारी बाहेरून आकार देतो, आतून पोकळी काढतो, टोपणाचे आटे पाडतो आणि शेवटी घासून झिलई आणतो. पुष्कळ पेनांना शाई ओढण्याचे यंत्र नसते. ड्रॉपरने नळीत शाई भरावयाची. यांतील कित्येक पेने लांबी-जाडीत परदेशी पेनांना मागे टाकतील अशी असतात, आणि मोठ्या पेनांचे परदेशी शौकीन ती आवर्जून मागवितात. त्यांची किंमत मात्र बहुधा काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंतच राहते.

येथे अर्थशास्त्रातील एक जुनी संज्ञा उपयोगी पडते. सुपीक जमीन मर्यादित असते म्हणून तिच्या मालकाला श्रमाशिवाय जे उत्पन्न मिळते, त्याला रिकार्डोने खंड म्हटले. मर्यादित संख्येचे पेन विकणारी कंपनी असाच खंड वसूल करते. फरक इतकाच, की जमीन निसर्गतःच मर्यादित असते आणि पेनांची संख्या कंपनीने ठरवून मर्यादित केलेली असते. उलट, एबोनाइटचा दांडा नजरेच्या अंदाजाने कातणारा हात ही खरोखर दुर्मिळ होत चाललेली गोष्ट आहे. तो हात तयार होण्यास वर्षे लागतात आणि तो थकला, की त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही. कृत्रिम दुर्मिळतेला लाखांचा खंड आणि खऱ्या दुर्मिळतेला जेमतेम मजुरी, असा हा उफराटा व्यवहार आहे.

हा व्यवहार अटळ आहे काय? जपानच्या अनुभवावरून तसे दिसत नाही. तेथील नामिकी कंपनीने पेनावर लाखेच्या लेपात सोन्याची पूड पेरून चित्रे काढण्याच्या ‘माकि-ए’ या परंपरागत कलेचा उपयोग केला. गोनरोकु मात्सुदा या कलावंताच्या पुढाकाराने 1931 मध्ये अशा कारागिरांचा संघ स्थापन झाला. त्याच सुमारास लंडनच्या डनहिल कंपनीशी करार होऊन ही पेने युरोपात गेली. नामिकीचे ‘एम्परर’ हे अवाढव्य पेन आज लाखाच्या पुढे विकले जाते. तेथेही नावाचे पैसे घेतले जातातच. परंतु चित्रांकित पेनावर ते काढणाऱ्या कलावंताची सही असते. त्या सहीने कारागीर बाजाराला दिसतो. जो दिसतो, त्याची किंमत होते. जो दिसत नाही, तो उत्पादनखर्चाच्या रकान्यात जाऊन बसतो.

भारतीय पेनाला नेमकी हीच सही हवी आहे. ते कोणी कातले, कोणत्या वर्षी कातले, हे पेनावर असावे; आणि ते विकत घेणाऱ्याने आधी विचारावे. कारागिरांनी एकत्र येऊन आपल्या कामाची ओळख आणि प्रत ठरवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून टर्नरचे शिक्षण आजही दिले जाते. त्यातील काही मुलांना या कारागिरांच्या हाताखाली उमेदवारी करण्याची सोय आणि विद्यावेतन देणे सरकारला जड नाही. यातून पेने महाग होतील आणि शिक्षक-कारकुनांच्या आवाक्याबाहेर जातील, ही भीती रास्त असली, तरी ती अनाठायी ठरावी. साधे, विनासहीचे पेन बाजारात राहीलच. शौकिनाने दिलेल्या अधिक पैशावर कारागीर टिकला, तर साधे पेन करणाराही टिकेल; कारण बहुतेक ठिकाणी ते दोघे एकच आहेत.

व्हेब्लेनने दिखाऊपणाची चिरफाड केली, तशीच पुढे 1914 साली एका स्वतंत्र ग्रंथात माणसाच्या उत्तम काम करण्याच्या उपजत प्रेरणेचीही चर्चा केली. संग्राहकाच्या मनात या दोन्हींना जागा असते: मिरविण्याच्या इच्छेला आणि चांगल्या कामाबद्दलच्या आदरालाही. आजवरच्या बाजाराने पहिलीवर धंदा केला. दुसरीवर तो उभा करावयाचा, तर जुन्या वळणाचे मोठे पेन हाती घेणाऱ्याने क्रमांक वाचण्यापूर्वी ते कातणाऱ्याचे नाव शोधले पाहिजे. ते नाव सापडत नसेल, तर त्याने दिलेले पैसे हौसेचे असतील. कारागिरीचे मोल मात्र देणे बाकीच राहिले, असे समजावे.